मंद नाडीची शाबासकी

मनगटावरची घड्याळे हृदयाचे ठोके दिवसरात्र मोजू लागल्यापासून, विश्रांतीच्या वेळी ठोके जितके कमी तितकी तब्येत उत्तम, अशी एक समजूत घट्ट होत चालली आहे. नियमित सराव करणाऱ्या धावपटूच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. परंतु अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे कमालीचे तोडण्याचा आजार, झालेल्या मुलीची नाडी साठावरून पन्नासवर आणि पन्नासवरून चाळिशीत उतरते, तेव्हाही घड्याळ तिला शाबासकीच देते आणि घरची माणसे निर्धास्त होतात. आहारविकारांविषयीच्या गैरसमजांपैकी मला हा सर्वांत घातक वाटतो.

हृदयाची गती, रक्तदाब, शरीराचे तापमान, घाम, जठर आणि आतड्यांची हालचाल ही कामे आपल्या इच्छेवर सोडलेली नाहीत, ती स्वायत्त चेतासंस्था पाहते. तिची अनुकंपी शाखा शरीराला धावपळीसाठी सज्ज करते, तर परानुकंपी शाखा, मुख्यतः व्हेगस या चेतेमार्फत, हृदयाची गती उतरवते. अन्न दीर्घकाळ अपुरे पडले की थायरॉईडचे सक्रिय संप्रेरक घटते, अनुकंपी शाखेचा जोर ओसरतो, व्हेगसचा पगडा वाढतो आणि शरीर काटकसरीला लागते. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा जो प्रयोग केला, त्यात 24 आठवड्यांच्या अर्धपोटी आहारानंतर त्यांची विश्रांतीची नाडी सरासरी 55 च्या आसपासवरून सुमारे 35 वर आली आणि त्यांना सतत थंडी वाजू लागली. यांपैकी कोणालाही बारीक होण्याची ओढ नव्हती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

खेळाडूचे हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त पुढे ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. उपाशी शरीरात मात्र हृदयाचा स्नायूच झिजलेला असतो. हा फरक ओळखायला मोठ्या यंत्रांची गरज नसते. रुग्णाला पाच मिनिटे शांत आडवे झोपवून नाडी मोजावी, समजा ती 42 भरली. मग त्या मुलीला उभे करावे. ती पलंगाची कड धरते, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, बोटांची टोके थंडगार आणि निळसर असतात, आणि दोन मिनिटांनी तीच नाडी नव्वदीला टेकलेली असते. खुर्चीत बसवून एकदाच घेतलेल्या नाडीत यातले काहीही दिसत नाही. रक्ताच्या तपासण्याही पुष्कळदा ठीकठाक येतात, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्यावर विषय संपतो. वास्तविक, दिवसा 50 च्या आणि रात्री झोपेत 45 च्या खाली गेलेली नाडी ही किशोरवयीन रुग्णाला रुग्णालयात दाखल करण्याच्या प्रचलित निकषांपैकी एक आहे. शिवाय वजनाच्या आकड्यावरही विसंबता येत नाही, कारण मुळात जास्त असलेले वजन झपाट्याने उतरून ‘योग्य’ टप्प्यात आलेल्या व्यक्तीची नाडीही तितकीच मंदावू शकते.

दुसरा अन्याय पोटाबाबत होतो. दोन घासांत पोट गच्च झाले असे रुग्ण सांगते, तेव्हा त्याला नखरे म्हटले जाते. खरे तर जठर रिकामे होण्याची क्रियाच मंदावलेली असते, त्यामुळे अन्न तासन्‌तास पोटात रेंगाळते आणि ती फुगल्याची भावना तिच्या मनातल्या भीतीला आयता पुरावा पुरवते. यावरचा उपाय पुन्हा हळूहळू नियमित खाणे हाच असतो, आणि नेमके तेच या अवस्थेत सर्वांत अवघड असते. अशा माणसाला ‘मनावर घे’ असे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बुलिमियाची, म्हणजे अनावर खाऊन मग ते उलटून टाकण्याच्या आजाराची, तऱ्हा वेगळी आहे. त्यात वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम घटते आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो, तोही वजन अगदी सर्वसाधारण असताना. तिथेही व्हेगसचा संबंध असावा, असा एक विचार आहे. पोटाकडून मेंदूकडे जाणारे व्हेगसचे संदेश कमी करणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाने अनावर खाणे आणि उलट्या कमी झाल्याचे 2000 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका छोट्या चाचणीत दिसले होते. तेवढ्यावरून ते रूढ उपचार ठरत नाही, पण या आजाराला निव्वळ ‘ताबा नसणे’ म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घ्यायला हरकत नाही.

उपचार सुरू झाल्यावर नाडी साधारणपणे काही आठवड्यांत सावरू लागते. मात्र सुरुवातीच्या दिवसांतच, आडवे पडलेले असताना, चाळिशीतली नाडी एकाएकी नव्वदीत गेली तर तिला सुधारणा समजू नये. त्यामागे संसर्ग असू शकतो, किंवा अन्न पुन्हा सुरू केल्यावर फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरण्याची गुंतागुंत असू शकते. म्हणूनच हा टप्पा घरच्या घरी न उरकता डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोजच्या रक्ततपासणीसह पार पाडावा लागतो.