काँगोची खोली

जगातील सर्वांत खोल नदी कोणती? काँगो, २२० मीटर. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एवढंच असतं. एक गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे २२० मीटर ही अख्ख्या काँगोची खोली नाही. नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे. किसांगानी ते किन्शासा या मधल्या टप्प्यात ती अफाट पसरलेली, बेटांनी भरलेली आहे आणि कितीतरी ठिकाणी इतकी उथळ, की मालवाहू पडाव वाळूत रुततात. खरी खोली आहे ती किन्शासाच्या खाली. किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी आणि ब्राझाव्हिल ही शेजारच्या काँगो प्रजासत्ताकाची; दोन्ही समोरासमोरच्या काठांवर आहेत. त्यांच्यापुढे नदी कठीण खडकाच्या घळीत शिरते आणि मातादी बंदरापर्यंतच्या सुमारे ३५० किलोमीटरमध्ये जवळजवळ २७० मीटर खाली उतरते. नकाशावर या भागाला लिव्हिंगस्टन धबधबे म्हणतात, पण हा एकच कडा नाही, एकामागून एक खळाळांची मोठी रांग आहे.

आता पाणी किती, ते पाहू. पावसाळ्यात खडकवासल्यातून ३५-४० हजार क्युसेक सोडले की पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरतं, हे आपण अनुभवलंय. काँगोचा वर्षभराचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ४१,००० घनमीटर आहे, म्हणजे १४ लाख क्युसेकहून जास्त. आणि तो फारसा कमीही होत नाही, कारण नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. उत्तरेकडे पाऊस ओसरला की दक्षिणेकडे सुरू होतो आणि नदीचं पोट भरलेलंच राहतं. एवढं पाणी मैलोन्‌मैल रुंद पात्रातून येतं आणि काही ठिकाणी जेमतेम काहीशे मीटर रुंदीच्या फटीतून जातं. बाजूला सरकायला जागा नाही, मग ते खालीच जाणार. ॲमेझॉनमध्ये याच्या पाचपट पाणी आहे, तरी खोलीत ती काँगोच्या मागे आहे, कारण तिला सपाट मैदानात पसरायला मोकळीक मिळते. याद्यांमधून हेच गायब असतं. नदीची खोली तिच्या मोठेपणावर ठरत नाही, खडक तिला किती आवळतो यावर ठरते.

ही खोली मोजणं सोपं नव्हतं. जिथे होडी टिकत नाही तिथे दोरी-वजन टाकणार कोण? २००८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील मत्स्यशास्त्रज्ञ मेलनी स्टिअस्नी, त्यांच्याबरोबरचे जलशास्त्रज्ञ आणि खळाळांत कयाक चालवणारे तरबेज लोक यांनी ध्वनिलहरींची यंत्रं घेऊन हा भाग पालथा घातला. काही ठिकाणी तळ २२० मीटरच्याही खाली निघाला. त्याहून विलक्षण म्हणजे आतलं पाणी नुसतं पुढे वाहत नव्हतं. कुठे ते तळाकडे कोसळत होतं, कुठे तळातून वर उसळत होतं.

या शोधामागे एक मासा आहे, आणि मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. लॅम्प्रोलोगस लेथॉप्स. बोटाएवढा, फिकट पांढरा, डोळ्यांवर कातडी आलेली, म्हणजे आंधळा. असे मासे अंधाऱ्या गुहांत सापडतात. मग उन्हातल्या नदीत हा आला कुठून? बुलू गावाजवळच्या भागात कोळ्यांना तो बहुतेक वेळा मेलेला किंवा मरणपंथाला लागलेलाच मिळायचा. असाच एक जेमतेम जिवंत मासा स्टिअस्नी यांच्या हाती आला आणि हातातच मेला. त्याच्या कातडीखाली आणि कल्ल्यांवर हवेचे बुडबुडे धरले होते. खोल पाण्यातून झपकन वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात जे होतं, तेच. त्यावरून उलगडा होतो तो असा, की हा जीव खालच्या काळोखात, प्रचंड दाबाखाली राहतो आणि वर उसळणारा प्रवाह त्याला एखाद्या वेळी ओढून आणतो.

या खालच्या काँगोत माशांच्या ३०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या सुमारे ८० जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तिथले प्रवाह इतके जोरकस आहेत की लहान माशांना ते भिंतीसारखे अडवतात. टेलिओग्रामा नावाच्या माशांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा दीड-दोन किलोमीटरवर राहणारे समूहसुद्धा एकमेकांपासून वेगळे निघाले. एकाच नदीत राहून भेट नाही! डोंगररांगा, समुद्र यांमुळे जाती वेगळ्या होतात हे आपण शाळेत शिकलो. इथे नुसतं पाणी ते काम करतं.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. याच टप्प्यात, मातादीच्या वर, इंगा नावाची जागा आहे. थोडक्या अंतरात नदी ९६ मीटर उतरते, म्हणून वीज बनवणाऱ्यांची नजर तिच्यावर फार जुनी. इंगा १ (१९७२) आणि इंगा २ (१९८२) हे जलविद्युत प्रकल्प उभे आहेत, पण त्यांनी मुख्य प्रवाह अडवलेला नाही, पाणी बाजूच्या खोऱ्यात वळवलं आहे. पुढचं स्वप्न ग्रँड इंगा, सुमारे ४०,००० मेगावॅट. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी मात्र मुख्य पात्रच अडवायचं आहे.

काँगोच्या लोकांना वीज नको, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिथे पाचातल्या जेमतेम एका माणसाला वीज मिळते. मुंबईत पंख्याखाली बसून त्यांना मासे वाचवायला सांगण्याचा अधिकार मला नाही. पण इंगाची वीज कुठे गेली तेही बघा. १९८२ मध्ये सुमारे १,७०० किलोमीटरची वाहिनी टाकून ती देशाच्या आग्नेयेकडील कटांगाच्या खाणींकडे नेली. वाटेतली गावं तारांखाली अंधारात राहिली. जगातलं बहुतांश कोबाल्ट आज याच देशातून निघतं आणि ते तुमच्या-माझ्या फोनच्या बॅटरीत आहे. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

जागतिक बँकेने २०१६ मध्ये इंगा ३ या नियोजित तिसऱ्या प्रकल्पाचं अर्थसाहाय्य थांबवलं होतं, २०२५ मध्ये ती परत आली. माझं मत स्पष्ट आहे. देखभालीअभावी वर्षानुवर्षं कमी क्षमतेने चाललेले इंगा १ आणि २ आधी पूर्ण ताकदीने चालवा. त्यांची वीज आधी आसपासच्या गावांना आणि किन्शासाला द्या. इंगा ३ करायचाच तर पाणी वळवून करा, मुख्य पात्राला हात लावू नका. आणि ग्रँड इंगाची भिंत उभी राहू नये. पाणी अडलं की ते खळाळ जातील, त्यांच्या भिंतींनी घडवलेले मासे जातील, आणि यातल्या किती जाती अजून कुणी पाहिलेल्याही नाहीत हे सांगायला कुणी उरणार नाही.