डीपी

सकाळी सहाला गावाहून काकांचा फोन. "आरं, डीपी उडाली."

मी अर्धवट झोपेत व्हॉट्सॲप उघडलं. फेट्यातले काका जागच्या जागी होते. "मला दिसतीय की काका. फेटावाली."

"फेटा कसला घेऊन बसलास! रात्री धूर निघाला, तेल गळालं. ऊस पाण्यावर आलाय माझा."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काकांची पेटणं शक्यच नव्हतं. अकरा हजार व्होल्ट उतरवून मोटारींना चारशेच्या घरात देणारा तो ट्रान्सफॉर्मरचा डबा! खरं तर दोन खांबांच्या सांगाड्याला वायरमन डीपी म्हणतात, डबल पोल. गावानं ते नाव डब्यालाच चिकटवलं. काकांची ६३ केव्हीए क्षमतेची, आणि तिच्यावर तेवीस मोटारी. चोरून टाकलेले आकडे वेगळे.

मी आपलं पेपरातलं मराठी वापरलं. "रोहित्र बदलायचा अर्ज दिलात का?"

"रोहित कोण?"

संध्याकाळी लग्न होतं. पत्रिकेवर 'डीपी रोड, पुणे' एवढंच. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये आखलेला कुठलाही रस्ता डीपी रोड. कोथरूडला आहे, औंधला आहे, एरंडवण्यात आहे. ज्यांनी रस्ते आखले त्यांना नावं ठेवायला वेळ मिळाला नसावा. ते काम आम्ही करतो. म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवर ओळीनं लॉन्स आहेत, म्हणून तिथेच गेलो. जेवलो, पाकीट दिलं, फोटोला उभे राहिलो, तेव्हा बायको कानात कुजबुजली, "ही नवरी आपली नाही." आपली औंधला होती.

परतताना मोबाइलवर मेसेज: डीपी चार्जेस कापले. दुपारी मी एक शेअर विकला होता. एकच! डिमॅट खातं सांभाळणारा डिपॉझिटरी पार्टिसिपंट, तोही डीपी. एका कंपनीचा एक शेअर विका नाहीतर शंभर, आकार तेवढाच. घरी मुलगा डोकं धरून बसलेला. "बाबा, उद्या डीपीवर प्रश्न येणार." डायनॅमिक प्रोग्रामिंग, कोडिंगमधली एक रीत. मी काही न विचारता झोपायला गेलो.

बाराव्या दिवशी काकांच्या व्हॉट्सॲपवरचा फेटा गेला. तिथे दोन खांब, मधे नवा कोरा डबा, त्याला झेंडूचा हार, खाली फोडलेला नारळ.

मी लिहिलं, "काका, डीपी झकास."

लगेच उत्तर आलं, "१०० ची हाय."