३५ दिवसांचं पिल्लू का दिलं नाही

नमस्कार ताई,

आमच्याबद्दल तुम्ही लिहिलेली तक्रार वाचली. रविवारी साताऱ्याहून एवढ्या लांब लॅब्रेडॉरचं पिल्लू न्यायला येऊन तुम्ही रिकाम्या हाताने परत गेलात, मुलगा रडत गाडीत बसला, हे मीही पाहिलं. चूक आमचीच. फोनवर माझ्या भाच्याने ‘पिल्लं तयार आहेत, या’ एवढंच सांगितलं. त्याच्या मनात ‘बघायला या’ असं होतं, पण ते तुम्हाला कसं कळणार? बुकिंगचे पैसे परत पाठवलेत. पेट्रोलचे किती झाले तेही सांगा.

मात्र ‘नियमाचं नाटक करून भाव वाढवतात’ हे तुम्ही लिहिलंत ते मान्य नाही. त्या दिवशी पिल्लं ३५ दिवसांची होती. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि नियम नसता तरी दिलं नसतं. या वयात पिल्लं दिवसभर एकमेकांना चावतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ मोडतो. दात किती लावायचे हे तिथेच कळतं. मध्येच उचलून नेलं तर हा धडा तुमच्या मुलाच्या हातावर गिरवला जाणार. शिवाय पहिली लससुद्धा झाली नव्हती. पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) झालेलं पिल्लू मी पाहिलंय, तुमच्या घरात ते नको.

‘दुसरीकडे महिन्याचं लॅब निम्म्या पैशांत मिळतं’ असं लिहिलंत. मिळतं की! फक्त त्यांना राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारून बघा. आमचा दाखला भिंतीवर आहे, तुम्ही टाकलेल्या फोटोतही मागे दिसतोय.

मायक्रोचिप विक्रीआधी बसवावीच लागते. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसते, त्यात कुत्र्याच्या ओळखीचा १५ आकडी क्रमांक. (कुत्रं हरवलं तर मोबाइलवर दिसत नाही हं, बऱ्याच जणांचा तसा समज असतो.) ओळखपत्र मागितलं ते पिल्लू कुणाकडे गेलं याची नोंद ठेवावी लागते म्हणून.

‘आई हडकुळी आहे, उपाशी ठेवतात’ हे मात्र लागलं. राणी सात पिल्लांना पाजतेय. अशा वेळी मादी रोडावते, केसही गळतात. चार वेळा खायला घालतो तरी. ती चार वर्षांची आहे, हे तिचं दुसरं वेत. कायद्याने वर्षाला एक आणि जन्मात पाच वेतं चालतात, आम्ही तिसऱ्यानंतर थांबतो. तिच्या वजनाची वही आहे, आलात की स्वतः बघा.

तुमच्या मुलाने छातीशी धरलेला फिकट रंगाचा नर अजून कुणाला दिलेला नाही. त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी त्याचे ५६ दिवस भरतात. नको असेल तर तेवढं आधी कळवा, दोघे जण थांबलेत.