१५ इंचाचं खालचं पान देता का हो कोणी?

तीन आठवडे झाले राव, डोकं फिरलंय नुसतं. मामाचा जुना पितळी साइड ड्रम आहे, म्हणजे स्नेअर, खालच्या पानावर तारा ताणलेला ड्रम, बँजो पार्टीत वाजवायचा तो, त्यानेही कुणाकडून तरी जुनाच घेतला होता, इंग्लंडचा माल. मामा गेला तेव्हापासून माळ्यावर पडून होता, मी खाली काढला, घासूनपुसून चकाचक केला, लग, रॉड, पान आवळून धरणारं कडं म्हणजे रिम, सगळं शाबूत. फक्त खालचं पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पातळ पडदा, तेवढं फाटलेलं. म्हटलं पान काय, आणू की!

आणू की म्हणे. ड्रम १५ इंची आहे हो. आजकाल स्नेअर म्हणजे १४, लहान हवा असेल तर १३. १५ म्हटलं की माणसं अशी बघतात की मी हत्तीचा नाल मागतोय. धोबी तलावला चार दुकानं हिंडलो, पहिला म्हणतो "१४ घ्या, ओढून बसेल". कसं बसेल रे बाबा? पानाला ॲल्युमिनियमची रिंग असते, ती काय बनियनचं इलॅस्टिक आहे का! दुसऱ्याने रिमच्या वरून टेप लावली आणि १६ काढून हातात दिलं, अरे शेलच्या कडेला माप घेतात, रिमच्या नाही, हे मी गिऱ्हाईक असून तुला सांगायचं? तिसऱ्याने मानच वर केली नाही. चौथा सगळ्यात भारी, "एवढ्या पैशात नवीन स्नेअर येईल साहेब, हा भंगारात द्या, पितळेला भाव आहे". तिथेच काठी त्याच्या काउंटरवर आपटावीशी वाटली.

मग ऑनलाइन. लिस्टिंगमध्ये १५ लिहिलंय, आलं १४. परत केलं, पुन्हा मागवलं, पुन्हा १४!! तिसऱ्यांदा खरंच १५ आलं, पण ते टॉमचं, म्हणजे तारा नसलेल्या ड्रमचं, वरचं पान, आणि वर सेलरचा मेसेज, "same only sir". अरे सेम कसं? वरचं कोटेड पान साधारण १० मिल म्हणजे पाव मिलिमीटर जाड, खालचं असतं ३ मिल, पतंगाच्या कागदासारखं, म्हणून तर तारा त्याच्यावर थरथरतात आणि स्नेअर स्नेअरसारखा वाजतो. तरी हट्टाने लावून बघितलं, शेंगदाण्याचा डबा वाजवल्यासारखा आवाज, शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या काय दुरुस्त करताय म्हणून.

बाहेरच्या देशातून मिळतं, नाही असं नाही. पण पान जेवढ्याचं त्याच्या दुप्पट शिपिंग, वर कस्टम, आणि एवढं करून कुरिअरवाल्याने मधे दुमडलं तर संपलंच. आणि इकडे गणपती जवळ आले की ढोलाची पानं पाहिजे तेवढी मिळतात, हव्या त्या मापाची. आमच्याच नशिबी हे.

खरी गंमत सांगू का, हा ड्रम ज्या काळचा आहे तेव्हा ही कटकटच नव्हती. प्लॅस्टिकची पानं आली १९५७ च्या आसपास, त्याच्या आधी सगळं कातडं, वासराचं. ओलं करून लाकडी रिंगवर स्वतःच गुंडाळायचं, ड्रम अर्धा सूत मोठा असला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता फॅक्टरीतून रिंगसकट येतं आणि मापात जरा इकडेतिकडे झालं की बसतच नाही. पावसाळ्यात कातडं ढिलं पडायचं हे मान्य, मामा बल्बखाली धरून तापवायचा, हलगीवाले शेकतात तसं. पण निदान वाजायचा तरी.

शेवटी काल एका ढोलकीवाल्या चाचांकडे गेलो. पहिला माणूस ज्याने ड्रम हातात घेऊन नीट बघितला, बोटाने कड चाचपली, टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाले पातळ कातडं काढून देतो, चढवूनही देतो, टेन्शन घेऊ नका. मला तर रडूच यायचं बाकी होतं. मग म्हणाले, "जुनी लाकडी रिंग तेवढी घेऊन या."

ती रिंग मामीने मागच्या दिवाळीला जुनं लाकूड म्हणून बंबात घातली.