‘बिलं थकली तर गरिबाचं काय अडतं?’ : त्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, ऑफिसच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज साधारण असा आहे : शिवभोजनची, म्हणजे 10 रुपयांत थाळी देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेची, सरकारकडे बिलं थकल्याची ओरड फक्त ठेकेदारांची आहे. गरिबाला रेशन फुकट मिळतंच, तेही तो विकून खातो. केंद्रं बंद पडली तरी कोणी उपाशी राहत नाही. यातलं एकेक बघू.

‘रेशन फुकट मिळतंच.’ जानेवारी 2023 पासून फुकट आहे, हे खरं. पण किती? प्राधान्य गटातल्या, म्हणजे उत्पन्न कमी म्हणून रेशनला पात्र ठरलेल्या कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम तांदूळ-गहू. तेल, डाळ, मीठ, गॅस ज्याचं त्याने बघायचं. आणि शहरात या गटात बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत लागतं. महिन्याला पाच हजारसुद्धा नाही! धारावीत भाड्याने राहणारे, दोघंही कामाला जाणारे नवरा-बायको या हिशेबात ‘गरीब’ ठरत नाहीत. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना गावच्या कार्डावर इथे धान्य मिळेलही. पण शिजवायचं कुठे? त्यांना शिजलेलं अन्नच हवं असतं. शिवभोजनला रेशनकार्ड लागत नाही, ते याच माणसांसाठी मोलाचं आहे.

‘ओरड ठेकेदारांची.’ केंद्रं चालवणाऱ्यांत महिला बचत गट आहेत, छोट्या खानावळी आहेत. 26 जानेवारी 2020 ला योजना सुरू झाली तेव्हा हिशेब ठरला : शहरात जेवणारा 10 रुपये देणार, सरकार 40. शंभर थाळ्यांचं केंद्र धरा. गल्ल्यात रोज हजार रुपये येतात, सरकारकडे रोज चार हजार अडकतात. महिन्याला लाखाच्या वर. किराणावाला, भाजीवाला, गॅसवाला इतकं थांबत नाही. थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. यात काटकसर कुठे करणार? आधी वरण पातळ होतं. मग साडेबारालाच ‘थाळी संपली’ ऐकू येतं. मग एक दिवस शटर उघडत नाही. योजना बंद केल्याचा आदेश कुठेच निघालेला नसतो, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा हेही कळत नाही. रांगेतला हमाल वडापाव खाऊन पुन्हा ओझं उचलायला जातो.

काही केंद्रांवर खोट्या थाळ्या दाखवल्या जातात, हे मान्य. जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर घ्यायचा नियम त्यासाठीच आहे. तपासा, दोषी केंद्र रद्द करा. पण प्रामाणिक बाईचे पैसे त्यापायी अडवू नका.

‘विकून खातो.’ काहीजण विकतात. त्या पैशांत बहुतेक वेळा तेल-डाळच येते.

सगळ्यात महत्त्वाचं मेसेजमध्ये नाहीच. रेशनचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याने भत्ता मागता येतो. शिवभोजनला असा आधार नाही. ते शासन निर्णयावर आणि दरवर्षीच्या तरतुदीवर उभं आहे. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत सुरू झालेला ‘आनंदाचा शिधा’, म्हणजे सणाला रेशनकार्डावर मिळणारा किराणाही तसाच, आणि 2025 च्या गणपतीत तो आला नाही. म्हणून मागणी साधी आहे : बिल महिन्याच्या महिन्याला द्या, आणि कुठल्या केंद्राचे किती पैसे थकलेत ते शिधावाटप कार्यालयाच्या फलकावर लावा.