छाती न उघडता झडप बदलता येते, पण सरसकट प्रत्येकाची नाही

महाधमनीची, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रोहिणीच्या तोंडाशी असलेली, झडप अरुंद झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत एक संदेश हमखास पोहोचतो. त्याचा आशय असा: छाती उघडून झडप बदलण्याचे दिवस संपले, आता जांघेतून नळी घालून जुनी झडप काढतात आणि नवी बसवतात, यात धोका नाही, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि ही झडप जन्मभर टिकते, तरीही शस्त्रक्रिया सुचवणारा डॉक्टर एकतर मागासलेला असतो किंवा पैशाचा लोभी, आणि त्रास फारसा नसेल, तर झडपेवरचे कॅल्शियम विरघळवणारी औषधे घेऊन थांबून पाहावे. यातील घरी लवकर जाण्याची गोष्ट बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरी आहे, आणि तिच्या भरवशावर बाकीचा मजकूर खपून जातो.

नळीतून झडप बसवण्याच्या या उपचाराचे, म्हणजे टावीचे (TAVI), श्रेय नाकारण्याचे काहीच कारण नाही. एप्रिल 2002 मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी शस्त्रक्रिया अशक्य ठरलेल्या एका 57 वर्षांच्या रुग्णाला प्रथमच अशी झडप बसवली. पुढे 2010 मध्ये ‘पार्टनर’ चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांतील 50.7 टक्के वर्षभरात दगावले, तर टावी केलेल्यांतील 30.7 टक्के. 2019 मध्ये, शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या रुग्णांच्या चाचणीतही पहिल्या वर्षातील मृत्यू, पक्षाघात आणि पुन्हा दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण टावीत 8.5 टक्के आणि शस्त्रक्रियेत 15.1 टक्के आढळले. हा पर्याय म्हणजे केवळ नाइलाजाने केलेली तडजोड नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

आता ‘जुनी झडप काढतात’ या विधानाकडे वळू. टावीत जुनी झडप काढत नाहीतच. धातूच्या जाळीवर गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून केलेली पाती शिवलेली असतात. ही झडप घट्ट मिटवून जांघेतील रोहिणीतून हृदयापर्यंत नेतात. फुग्याने उघडणारी झडप असेल, तर तात्पुरत्या पेसमेकरने हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे 180 पर्यंत वाढवतात, त्यामुळे रक्ताचा झोत काही सेकंद ओसरतो आणि तेवढ्या अवधीत फुगा फुगवून नवी झडप जुन्या झडपेच्या आतच उघडतात. कॅल्शियमने टणक झालेली जुनी पाती भिंतीशी दाबली जाऊन तिथेच राहतात, आणि या उपचाराचे बरेचसे गुणदोष याच एका गोष्टीतून येतात. कॅल्शियमचे खडबडीत उंचवटे असतील तर नवी झडप सगळीकडे नीट टेकत नाही आणि तिच्या कडेने रक्त मागे झिरपत राहते. शिवाय हृदयाचे विद्युत्-संदेश वाहणारे तंतू झडपेच्या अगदी खालून जातात. त्यांवर जाळीचा दाब पडला की ठोके मंदावतात आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो.

म्हणून ‘धोका नाही’ हे विधानही टिकत नाही. 2019 मधील कमी धोक्याच्या रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांत महिन्याभरात नवा पेसमेकर लागण्याचे प्रमाण फुग्याने उघडणाऱ्या झडपेत 6.5 टक्के आणि आपोआप उघडणाऱ्या झडपेत 17.4 टक्के होते. शस्त्रक्रियेच्या गटांत ते अनुक्रमे 4.0 आणि 6.1 टक्के होते. रोहिणीला इजा आणि पक्षाघात हे धोकेही आहेतच. मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हेही टाकले पाहिजे की शस्त्रक्रियेनंतर हृदयाची लय बिघडण्याचे, रक्तस्रावाचे आणि पूर्ववत होण्यास वेळ लागण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. धोके दोन्हीकडे आहेत. फक्त त्यांची जात वेगळी आहे.

माझ्या मते या संदेशातील सर्वांत दिशाभूल करणारा शब्द ‘जन्मभर’ हा आहे. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप, मग ती टावीची असो वा शस्त्रक्रियेची, कालांतराने झिजते. ‘नोशन’ चाचणीत दहा वर्षांनंतर झडपेचा गंभीर बिघाड टावीच्या गटात 1.5 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात 10 टक्के आढळला, हा आकडा उत्साहाने सांगितला जातो. परंतु त्या चाचणीत 280 रुग्ण होते, त्यांचे सरासरी वय 79 होते आणि दहा वर्षांत दोन्ही गटांतील साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण मरण पावले होते. ऐंशीच्या घरातील रुग्णाला हा निष्कर्ष पुरेसा दिलासा देतो. पंचावन्न वर्षांच्या रुग्णाला तो जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण त्याच्यापुढे दुसऱ्या, कदाचित तिसऱ्याही झडपेचा प्रश्न उभा राहणार असतो. पहिल्या टावीच्या आत दुसरी बसवताना पहिलीची पाती उघडी राहून जाळीला चिकटतात आणि त्यांची जणू भिंतच तयार होते. महाधमनीचा मुळाकडचा भाग अरुंद असेल, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे तिच्यामुळे अडू शकतात. अशा वेळी पहिली जाळी शस्त्रक्रियेने काढावी लागली, तर ते काम अवघड आणि जोखमीचे ठरते.

शस्त्रक्रिया सुचवण्यामागे हाच हिशेब असतो. अमेरिकेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांखालील रुग्णाला शस्त्रक्रिया, 80 वर्षांवरील रुग्णाला टावी आणि मधल्या वयात रुग्णाशी चर्चा करून निर्णय, अशी विभागणी आहे. युरोपात टावीला प्राधान्य देण्याचे वय 2021 मध्ये 75 होते आणि 2025 मध्ये ते 70 झाले. ही रेषा सरकते आहे, पण पुसली गेलेली नाही. वयाखेरीज जन्मतः तीनऐवजी दोनच पात्यांची झडप (कमी धोक्याच्या त्या चाचण्यांतून असे रुग्ण वगळले होते), महाधमनीचा फुगवटा, झडपेचा जंतुसंसर्ग, बायपास लागेल इतका धमन्यांचा आजार किंवा जांघेतील रोहिणी बारीक असणे, यांमुळेही निर्णय बदलू शकतो. त्यासाठीच आधी सीटी स्कॅन करून मापे घेतात. लोभाच्या आरोपाबद्दल एवढेच, की टावीची झडप शस्त्रक्रियेच्या झडपेपेक्षा सहसा बरीच महाग असते, त्यामुळे तो तर्क उलटाच पडतो.

थांबून पाहण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. झडपेवरचे कॅल्शियम विरघळवणारे औषध अद्याप नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी हा आजार मंदावेल ही आशाही 2005 ते 2010 मधील तीन चाचण्यांत फोल ठरली. झडप तीव्र अरुंद असताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा धाप लागणे सुरू झाले, की झडप न बदलल्यास आयुष्य सहसा थोड्या वर्षांवर येते. ‘त्रास नाही’ हे उत्तरही तपासून घ्यावे लागते, कारण अनेक रुग्ण जिने चढणे टाळतात, चालण्याचा वेग कमी करतात आणि मग आपल्याला दम लागत नाही असे मनापासून सांगतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अर्ली टावर’ (टावर हे टावीचेच दुसरे नाव) चाचणीत खरोखर लक्षणे नसलेले 901 रुग्ण घेतले होते. एका गटाला लवकर टावी केली आणि दुसऱ्याला फक्त तपासणीवर ठेवले. नियमित तपासणीवर ठेवलेल्या या दुसऱ्या गटापैकी 87 टक्के रुग्णांची झडप चाचणीच्या काळातच बदलावी लागली, आणि त्यांपैकी निम्म्यांवर ही वेळ साधारण 11 महिन्यांच्या आतच आली.