चौदा दिवसांत ‘मेलेलं’ यान

दर ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. वर ‘विचार करा!’, खाली जोडलेले हात आणि मधे चार दावे. अमेरिका १९६९ मध्ये चार दिवसांत चंद्रावर पोचली, आपल्याला ४० दिवस लागले. मंगळयान मंगळावर उतरलंच नाही, नुसतं घिरट्या घालत बसलं. चांद्रयान-२ कोसळलं, म्हणजे सगळं मुसळ केरात. आणि चांद्रयान-३ तर चौदा दिवसांत बंद पडलं, ६१५ कोटी पाण्यात.

यंदा नुसता अंगठ्याचा इमोजी न टाकता उत्तर लिहितोय.

घोळ ‘यान’ या शब्दापासूनच सुरू होतो. रिक्षा, टँकर, रोड रोलर या सगळ्या ‘गाड्या’च, पण रोड रोलर पुण्याहून मुंबईला किती तासांत जातो, असं कुणी विचारत नाही. यानांच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत विचारतो.

आधी ते ४० दिवस. अपोलो-११ निघालं १६ जुलैला, माणसं चंद्रावर उतरली २० जुलैला. घाई करणं भागच होतं, कारण आत तीन माणसं होती आणि त्यांचा प्राणवायू, पाणी, जेवण सगळं मोजून नेलेलं. त्यासाठी १११ मीटर उंचीचं, जवळपास तीन हजार टनांचं सॅटर्न-५ रॉकेट लागलं. आपलं एलव्हीएम-३ आहे ६४० टनांचं. त्याने चांद्रयान-३ला पृथ्वीभोवतीच्या लांबुळक्या कक्षेत सोडलं. पुढचं काम यानाच्या छोट्या इंजिनाचं: पृथ्वीजवळ आलं की एक रेटा, फेरी मारून आलं की पुन्हा एक. झोपाळ्याला आपण नेमक्या क्षणी धक्का देतो ना, तसं. असं करत १ ऑगस्टला त्याने चंद्राची वाट धरली. आत कुणी जेवायचं थांबलेलं नव्हतं. आणि लवकर जाऊन तरी काय करणार? उतरायच्या जागी सूर्य उगवणार होता २३ ऑगस्टच्या सुमारास.

मंगळयान हे ऑर्बिटर. उतरायचं कधी ठरलेलंच नव्हतं. घिरट्या घालणं हीच त्याची नोकरी. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान २०१४ ते २०२२ राबलं. कक्षेच्या दूरच्या टोकाला ते मंगळापासून सुमारे ७७ हजार किलोमीटरवर जायचं, म्हणून अख्खा मंगळ एका फोटोत मावायचा. टीका करायचीच असेल तर वेगळ्या मुद्द्यावर करा: १,३३७ किलोच्या यानात वैज्ञानिक उपकरणं होती जेमतेम १५ किलो. ती टीका मला पटते.

चांद्रयान-२चा विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारा लँडर, ७ सप्टेंबर २०१९ला कोसळला. ते अपयशच होतं, त्यावर पांघरूण कशाला घालायचं? पण त्या मोहिमेत लँडरसोबत एक ऑर्बिटरही होता आणि तो शाबूत राहिला. जमिनीवरची पाव मीटरची वस्तू टिपणारा त्याचा कॅमेरा. त्याच फोटोंवरून चांद्रयान-३साठी धोंडे-खड्डे टाळून जागा निवडली. म्हणजे केरात गेलेलं मुसळ पुढच्या कांडणाला कामी आलं.

(ग्रुपवर कुणीतरी विचारलंच, ‘आदित्य सूर्याजवळ जळालं कसं नाही?’ आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान, पण ते सूर्याजवळ गेलेलंच नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर थांबून ते सूर्याकडे बघतं. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने बनवलीय.)

राहिला चौदा दिवसांचा मुद्दा. चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपले साधारण चौदा दिवस, मग तेवढीच लांब रात्र. चांद्रयान-३चा लँडर (त्याचंही नाव विक्रमच) आणि त्याची फिरती गाडी प्रज्ञान, दोघे सौरऊर्जेवर चालणारे, आणि रात्री तिथलं तापमान उणे शंभरच्याही बरंच खाली जातं. रात्र काढायची तर आत शेगडी हवी. सोव्हिएत लुनोखोद-१ या चांद्रगाडीने १९७० मध्ये त्यासाठी किरणोत्सारी पोलोनियम नेलं होतं. विक्रमकडे तसलं काही नव्हतं. एका चांद्रदिवसाचं काम, एका चांद्रदिवसाचं यान.

आणि त्या दिवसात झालं काय? २६ किलोचा प्रज्ञान शंभर मीटरहून जास्त फिरला, मातीत गंधक सापडलं. विक्रमने जमिनीत तापमापक खुपसला: वर तापलेली माती, आणि वीतभरही नाही, फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा अंश. ३ सप्टेंबरला विक्रमने इंजिन पुन्हा पेटवून ४० सेंटिमीटरची एक टुणकन उडी मारली आणि शेजारीच अलगद टेकला. मग दोघांना झोपवलं. २२ सप्टेंबरच्या सुमारास तिथे पुन्हा उजाडलं, इस्रोने हाका मारल्या, उत्तर आलं नाही. तेवढी हळहळ मलाही वाटली. पण ती जास्तीची आशा होती, कबूल केलेलं काम नव्हे.

शिवाय विक्रम पुरता ‘मेला’ असंही नाही. त्याच्यावर नासाने दिलेला पाच सेंटिमीटरचा एक घुमट आहे, त्यात आठ लोलक. १२ डिसेंबर २०२३ला नासाच्या एलआरओ ऑर्बिटरने शंभर किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि प्रकाश परत आला. त्या घुमटाला ना वीज लागते, ना ऊब. आलेला प्रकाश आल्या वाटेने परत धाडायचा, एवढंच त्याचं काम.